भूशास्त्र संग्रहालयात मुलांना न्यायचंय, फेरी घेऊ की कार्यशाळा?

खडूफळा
मंडळी, अनुभवी लोकांचा सल्ला हवाय. सातवीची ५८ मुलं घेऊन भूशास्त्र संग्रहालयात जायचंय. तिथे शाळांसाठी दोन सोयी आहेत. एक म्हणजे मार्गदर्शकाबरोबर दीड तासाची फेरी, सगळी मुलं एकदम. दुसरी म्हणजे दगड हाताळायची कार्यशाळा, पण त्यात एका वेळी २०च मुलं घेतात. म्हणजे तीन तुकड्या पाडायच्या आणि अख्खा दिवस मोडायचा.

तीन वर्षांपूर्वी फेरी घेतली होती, तिची कथा ऐका. मार्गदर्शक बाई चांगल्या होत्या, पण पुढच्या दहा मुलांपलीकडे त्यांचा आवाज पोचत नव्हता. मागची मुलं काचेला नाक लावून वाफ काढत होती आणि त्या वाफेत स्वतःची नावं लिहीत होती. मी हौसेने दोन पानांची 'रिकाम्या जागा भरा' करून नेली होती. ती एका हुशार मुलीने भरली आणि बाकीच्यांनी तिच्यावरून उतरवली. कसं कळलं? तिने सातव्या ओळीत बेसॉल्टऐवजी चुकून चुनखडक लिहिलं होतं. परत येऊन तपासते तर ४१ कागदांवर सातव्या ओळीत चुनखडक! बसमध्ये विचारलं, सगळ्यात जास्त काय आवडलं? एका सुरात उत्तर आलं, "सरकता जिना!"

आता मुख्याध्यापकांचं म्हणणं असं की, "दिवसभर घालवून शेवटी दगडच बघणार ना? उरका दीड तासात." माझा ओढा कार्यशाळेकडे आहे, पण तीही फुसकी निघाली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कोणी नेलंय का मुलांना? काय केलंत?

टवाळखोर
पयला!
आम्हाला दगड बघायला शाळेबाहेर जावं लागत नसे. सर रोज आमच्याकडेच बोट दाखवायचे. (हलके घ्या.)

मी_आपली_उगीच
सरकत्या जिन्याला +१. आमच्या सहलीत हात वाळवायचं यंत्र पहिलं आलं होतं.

गारगोटी
खडूफळाताई, मी अशाच एका संग्रहालयात ११ वर्षं मुलांच्या कार्यशाळा घेतेय, तेव्हा माझं मत एकतर्फी आहे हे आधीच सांगून टाकते. कार्यशाळाच घ्या.

मी सुरुवातीला बोलतच नाही. मुलं बसली की प्रत्येकाच्या एका हातात मुठीएवढा प्युमिस देते, तो वजरीसारखा भोकाभोकांचा दगड, आणि डोळे मिटायला लावते. मग दुसऱ्या हातात तेवढ्याच आकाराचं गॅलेना ठेवते. गॅलेना म्हणजे शिशाचं खनिज, पाण्याच्या साडेसात पट जड. हात एकदम खाली जातो आणि डोळे आपोआप उघडतात. "बाई, हा लोखंडाचा आहे का?" "आत काही भरलंय का?" "ह्यो खोटा आहे!" वीस मुलं एकदम बोलायला लागतात. तिथून पुढचा तास मला फक्त वाहतूक सांभाळायची असते. प्युमिस पाण्याच्या घमेल्यात टाकला की तरंगतो. दगड तरंगताना बघून आजवर एकही मूल गप्प राहिलेलं मी पाहिलं नाही.

दोन सूचना. गॅलेना हाताळल्यावर सगळ्यांचे हात साबणाने धुऊन घ्यायचेच, त्यात शिसं आहे. आणि भिंग कसं धरायचं ते आदल्या दिवशी वर्गातच शिकवा. मुलं गुप्तहेरासारखं भिंग हात लांब करून धरतात. दहापटीचं छोटं भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवायचं आणि दगड त्याच्याकडे आणायचा. एवढं जमलं की साध्या वाळूच्या चिमटीतही तासभर निघतो.

संशयात्मा
मी उलट बाजूने बोलतो, कोणीतरी बोललं पाहिजे.

हात लावला म्हणजे शिकलं, हे हल्ली एक खूळ झालंय. जिकडे तिकडे 'हाताळा, अनुभवा'. संग्रहालयात काच असते ती माणसांचा छळ करायला नसते. हाताचा घाम, तेल, धक्के यांनी नमुने खराब होतात. वीस मुलं गुणिले तीन तुकड्या गुणिले वर्षाचे दिवस, करा हिशोब.

मी नववीत असताना एका जुन्या संग्रहालयात ॲमोनाइटच्या, म्हणजे दगड झालेल्या प्राचीन शंखाच्या, कपाटापुढे एकटाच अर्धा तास उभा होतो. कुणी काही सांगितलं नाही, हातात काही दिलं नाही. तो वळलेला शंख बघत राहिलो. ते कपाट आजही डोळ्यांसमोर आहे. मुलांना गप्प उभं राहून बघायला शिकवणं अवघड असतं म्हणून आपण त्यांच्या हातात खेळणी देतो.

निळीशाई
संशयात्मा, एका कारणासाठी अनुमोदन आणि एका कारणासाठी नाही.

माझ्या लेकाला गेल्या सुट्टीत एका 'भूविज्ञान कार्यशाळेला' पाठवलं होतं. दोन तासांत काय केलं? डायनासोरचे मुखवटे रंगवले. मग वाळूच्या खोक्यात ब्रशने प्लास्टिकची हाडं शोधली. शेवटी ताईंनी टेबलावर तीन प्रयोग केले आणि ३० मुलांनी ते लांबून पाहिले. म्हणजे हात त्यांचे, डोळे आमचे. येताना एक गुलाबी चकचकीत दगडाची चकती मिळाली. तो गुलाबी रंग पाण्यात ठेवल्यावर उतरला हो!

त्यामुळे ताई, नोंदणी करण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: दगड कोणाच्या हातात असणार?

भूचुंबक
निळीशाई, ती चकती अगेटची, म्हणजे अकीकाची असणार. भडक गुलाबी, निळी, जांभळी दिसली की रंगवलेली समजावी. अगेट सच्छिद्र असतो, रंग पितो. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनचे कारागीर १९व्या शतकापासून हा उद्योग करतायत. चांगल्या कारागिराचा रंग मात्र उतरत नाही. तुमच्या लेकाला खोट्यातला खोटा माल मिळाला.

वाळूच्या खोक्याबद्दल माझाही जुना राग आहे. त्यातून मुलांना वाटतं की जीवाश्म म्हणजे सुट्या वाळूत पुरून ठेवलेली स्वच्छ हाडं, ब्रश फिरवला की झालं काम. खऱ्या कामात जीवाश्म दगडात असतो आणि तोही दगडच झालेला असतो. मेरी ॲनिंगची गोष्ट सांगा मुलांना. इंग्लंडच्या लाइम रीजिसच्या कड्यात तिच्या भावाला १८११ मध्ये इक्थिओसॉरची, म्हणजे समुद्रातल्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याची, कवटी सापडली. उरलेला सांगाडा मेरीने पुढच्या वर्षी शोधला. तेव्हा ती जेमतेम १२-१३ वर्षांची, म्हणजे ताई, तुमच्या सातवीएवढी.

खोकं ठेवायचंच असेल तर मुलांना आधी चौकटी आखायला लावा. हाड कुठल्या चौकटीत आणि किती खोल सापडलं ते कागदावर उतरवायचं, मग उचलायचं. मग ते खोकं खेळणं राहत नाही.

गारगोटी
@संशयात्मा, घामातेलाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणूनच कार्यशाळेतले दगड मुख्य संग्रहातले नसतातच. हाताळणीचा संच वेगळा. त्यात बहुधा बिनलेबलाचे नमुने असतात.

लेबल ही आमच्याकडे फार मोठी गोष्ट. कुठून आणला, कोणत्या थरातून, कोणी, कधी, हे लिहिलेला चिठोरा हरवला की नमुन्याचं शास्त्रीय मोल जवळजवळ संपलं. दिसायला तोच दगड, पण त्याला गाव उरत नाही. असे अनाथ दगड मग मुलांच्या वाट्याला येतात आणि सुखाने झिजतात.

आणि सगळे नमुने हाताने खराब होतात असंही नाही. पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, कपाटात बसल्याबसल्या सडतं. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की त्याचं ऑक्सिडीभवन होतं, गंधकाम्ल सुटतं, नमुन्याची पूड होते. ते आम्ल खालचं लेबलही खातं. आमच्याकडे एका जुन्या खणात नुसती पिवळट पूड आणि जळका कागद सापडला होता. कोण होता बिचारा, कळायला मार्ग नाही.

टवाळखोर
"दिसायला तोच, पण गाव उरत नाही." आमच्या ऑफिसात असे बरेच नमुने आहेत.

भूचुंबक
मूळ प्रश्नाकडे. सातवीसाठी माझ्या मते दोनच चाचण्या भरपूर होतात: कठीणपणा आणि कस.

कठीणपणाचं तत्त्व आपल्या भाषेत आधीच आहे, दगडापेक्षा वीट मऊ! जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्सने १८१२ मध्ये तेच केलं. दहा खनिजं घेतली, कोण कोणावर ओरखडा काढतं ते पाहिलं आणि रांगेत उभी केली. शंखजिरं १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटी) ७, टोपाझ ८, कोरंडम ९, हिरा १०. आपलं नख साधारण अडीच, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे नख, लोखंडी खिळा आणि काचेचा तुकडा एवढ्या साहित्यात मुलं अर्धं जग मोजू शकतात.

एक सूचना: हे आकडे म्हणजे धावण्याच्या शर्यतीतले क्रमांक आहेत, वेळ नाही. नऊ आणि दहा शेजारी दिसतात, पण हिरा कोरंडमच्या जवळपास चौपट कठीण आहे. मुलं विचारतात, "मग हिरा शंखजिऱ्याच्या दहापट का?" हा प्रश्न आला तर समजा कार्यशाळा वसूल.

कसाची चाचणी त्याहून गमतीची. झिलई नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर खनिज घासायचं आणि रेघ बघायची. हेमेटाइट हे लोखंडाचं खनिज वरून काळं, चांदीसारखं चकचकीत असलं तरी रेघ गेरूच्या रंगाची येते. पायराइट सोन्यासारखं पिवळंधमक, रेघ हिरवट काळी! सोन्याची रेघ पिवळीच. मुलांना फसवणूक पकडायला फार आवडतं.

चष्मेबहाद्दर
वा सर, पण अर्धीच मजा सांगितलीत. कसोटी हा शब्दच मुळी या चाचणीचा आहे. सोनाराचा काळा दगड म्हणजे कसोटी. त्यावर सोनं घासायचं आणि रेघेवरून कस ठरवायचा. कसाला लागणं, कसोटीला उतरणं, सगळं त्या एका रेघेतून आलं. आपण क्रिकेटच्या पाच दिवसांच्या सामन्याला कसोटी म्हणतो तेव्हा नकळत खनिजशास्त्र बोलत असतो.

तसाच हरताळ. हे आर्सेनिकचं पिवळं सल्फाइड. पोथी उतरवताना चुकीचं अक्षर पडलं की त्यावर हरताळाचा लेप देत. म्हणून केलेल्या कामावर 'हरताळ फासला'. संपाचा हरताळ वेगळा, तो हाटाला लावलेल्या टाळ्यावरून आला. हरताळाचा भाऊ मनशीळ, लालबुंद. त्याला उजेड सोसत नाही, वर्षानुवर्षं प्रकाशात राहिला तर पिवळी पूड होतो. हिंगूळ, सुरमा, गेरू, तुरटी, अभ्रक, शंखजिरं... आपल्या आज्यांना खनिजांची नावं आपल्याहून जास्त ठाऊक होती.

मी_आपली_उगीच
आयला, हरताळ फासणं म्हणजे जुना व्हाइटनर!

टवाळखोर
विषारी व्हाइटनर. चुका कमी होत असतील तेव्हा.

व्यवस्थापक
शब्दांवरची चर्चा छान आहे, पण ती वेगळ्या धाग्यावर हलवावी का? धागालेखिकेला सहल न्यायची आहे.

चष्मेबहाद्दर
व्यवस्थापकांनी माझ्या प्रतिसादावर हरताळ फासला आहे याची नोंद घ्यावी.

खडूफळा
राहू द्या हो व्यवस्थापक, मला हे हवंच आहे. मराठीच्या तासाला सोमवारी कसोटी आणि हरताळ घेणार, म्हणजे मराठीच्या बाईही आपल्या बाजूला येतील. मुख्याध्यापकांना सांगायला दोन विषय झाले.

शंका: आम्लाचा प्रयोग असतो म्हणे. सातवीला द्यावा का?

गारगोटी
द्यावा, पण बाटली मोठ्या माणसाच्या हातात, मुलांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे. सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पुरतो. मी तीन पांढरे दगड देते: कॅल्साइट, गारगोटी आणि सैंधव. दिसायला भाऊ भाऊ. कॅल्साइटवर थेंब पडला की फसफसतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो. गारगोटी ढिम्म, पण ती काचेवर ओरखडा काढते. सैंधव दोन्हींत नापास. मग मुलं एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी हळूच जीभ काढतं. भूशास्त्रज्ञ चव बघतात हे खरं आहे, पण ज्या दगडाला आधी ६० हात लागलेत त्याला जीभ लावायची नाही, हे मला प्रत्येक तुकडीला ओरडून सांगावं लागतं. त्यापेक्षा थेंबभर पाणी टाकून बोट फिरवा, सैंधव बुळबुळीत होतो.

कॅल्साइटचा चुलतभाऊ डोलोमाइट मात्र फसवतं. अखंड तुकडा आम्लाला दाद देत नाही, खरवडून पूड केली की फसफसतं. ते आठवीसाठी ठेवा.

आणखी एक. ठसे घ्यायला प्लास्टर ऑफ पॅरिस देणार असतील तर मुलांचे हात त्यात बुडवू देऊ नका. घट्ट होताना ते तापतं, हात अडकला तर चांगलंच भाजतं. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये ओतू नये. हे मी कसं शिकले ते विचारू नका, प्लंबर अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

बोटांनी_वाचणारा
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मला दिसत नाही, हे जुन्या सभासदांना माहीत आहे.

संशयात्मा यांनी ॲमोनाइटच्या कपाटाबद्दल लिहिलंय. मीही लहानपणी शाळेबरोबर अशा कपाटांपुढे उभा राहिलोय. माझ्यासाठी ती एक गार, गुळगुळीत भिंत होती. मित्र वाचून दाखवायचे, "इथे शंख आहे." बरं, आहे.

चाळिशी ओलांडल्यावर एका कार्यशाळेत पहिल्यांदा ॲमोनाइट हातात आला. मी बाहेरच्या तोंडापासून आत वाचत गेलो. आधी रुंद, मग अरुंद. कंगोरे सुरुवातीला बोटभर अंतराने, आत जावं तसे दाट दाट, आणि मध्यभागी बोटाचं टोकही मावेना. मी म्हटलं, म्हणजे तो इथे आत लहान होता आणि मोठा होत बाहेर आला? कार्यशाळेच्या बाईंनी सांगितलं, हो, प्राणी नेहमी सगळ्यात बाहेरच्या, शेवटच्या खोलीत राहायचा. मागच्या खोल्या सोडून दिलेल्या. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझं बोट खिशात गोल फिरत होतं.

ताई, तुमच्या ५८ मुलांना पाच मिनिटं डोळे बांधून दगड द्या. अभ्रकाच्या कडा पुस्तकाच्या पानांसारख्या लागतात. शंखजिरं साबणासारखं. आणि क्वार्ट्झ काचेपेक्षा गार लागतो, कारण तो हाताची उष्णता काचेहून भराभर ओढून घेतो. काचेचा नकली स्फटिक मी गालाला लावून ओळखतो.

निळीशाई
_/\_

संशयात्मा
बोटांनी_वाचणारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या अर्ध्या तासात तो प्राणी कुठल्या खोलीत राहायचा हा प्रश्न मला पडलाच नव्हता, हे कबूल करतो.

तरी माझा हट्ट पूर्ण सोडत नाही. हाताळणी घ्या, पण दहा मिनिटं गप्प बघण्याचीही ठेवा. ती रिकाम्या जागांची प्रश्नपत्रिका मात्र जाळून टाका. एक मूल, एक कपाट, एक नमुना. तो काढायचा आणि त्याला तीन प्रश्न विचारायचे. उत्तरं नाही लिहायची.

आडवाटेचा
दहा मिनिटांत चित्र कसलं काढणार सातवीची पोरं? मागच्या बाकावरच्यांचं काय?

संशयात्मा
मागच्या बाकावरच्यांनाच बघायला वेळ असतो. मी कुठे बसायचो असं वाटतं तुम्हाला?

आडवाटेचा
:) बरं. तुकड्या फिरवताना उरलेल्या ४० मुलांचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे, त्यावर कोणीच बोललं नाही. त्यासाठी दोरी न्या. आम्ही केलंय. ४५ मीटर ४० सेंटिमीटर दोरी, म्हणजे पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं, एक सेंटिमीटर म्हणजे १० लाख. अंगणात किंवा मोठ्या मार्गिकेत पसरा आणि मुलांनाच चिमटे लावायला सांगा. आधी अंदाजाने, मग मोजून.

अंदाज बघण्यासारखे असतात. डायनासोर सगळे जण मध्यावर ठेवतात. मोजल्यावर ते शेवटून २ मीटर ३० सेंटिमीटरवर येतात आणि ६६ सेंटिमीटरवर संपतात. जीवाणूंच्या खुणा मात्र शेवटून पार ३५ मीटरवर. तिथून शेवटच्या सहाएक मीटरपर्यंतची सगळी दोरी म्हणजे डोळ्यांना दिसेल असं जवळजवळ काहीच नाही, नुसता चिखल आणि सूक्ष्मजीव. एका मुलाने विचारलं, "मग एवढा वेळ पृथ्वी करत काय होती?" आपला मनुष्यप्राणी शेवटच्या ३ मिलिमीटरमध्ये. लिहिलेला सगळा इतिहास एका केसाच्या जाडीत मावतो.

चिमटे लाकडी घ्या, प्लास्टिकचे उडतात. एक उडून आमच्या पर्यवेक्षकांना लागला होता.

भूचुंबक
आडवाटेचा, उत्तम. ही दोरी प्रत्यक्ष इमारतीत उतरवलेली आहे ठाऊक आहे? इंग्लंडमधल्या स्कारबरोचं रोटुंडा संग्रहालय, १८२९. इंग्रज भूशास्त्रज्ञ विल्यम स्मिथच्या कल्पनेने बांधलेली गोल इमारत, त्यात जीवाश्म थरांच्या क्रमाने मांडलेले. खालून वर बघत गेलं की जुन्याकडून नव्याकडे. हाच तो स्मिथ, ज्याने १८१५ मध्ये एकट्याच्या पायपिटीवर इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला आणि चारच वर्षांत कर्जापायी तुरुंगात गेला.

मुलांना संग्रहालयाच्या दारातच विचारावं, इथली मांडणी कशावरून केली आहे? रंगावरून, वयावरून, की कपाटात मावलं तसं? शेवटचं उत्तर बऱ्याचदा बरोबर निघतं.

खडूफळा
ठरलं. मुख्याध्यापकांना धाग्याची प्रत दाखवली (टवाळखोर वगळून). अख्खा दिवस मिळाला. तीन तुकड्या फिरत्या: कार्यशाळा, एक-कपाट-एक-नमुना आणि दोरी. फोनवर निळीशाईंचा प्रश्न विचारला. पलीकडून क्षणभर शांतता, मग "सगळ्यांच्याच हातात असतील, पण हात धुवायला लावावे लागतील". हे ऐकून गाडी योग्य ठिकाणी चाललीय असं वाटलं.

गारगोटी
ताई, ते वाक्य ओळखीचं वाटतंय. तुमची तारीख मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा बघू.

टवाळखोर
अरेच्चा! धाग्यातून सोयरीक.

(तीन आठवड्यांनी)

खडूफळा
वृत्तांत उशिरा देतेय, माफी.

हो, गारगोटीताईच निघाल्या! आंतरजालावरचा माणूस प्रत्यक्षात भेटला की जरा लाजायलाच होतं.

सगळंच सुरळीत झालं नाही. दोरीला गाठी पडल्या आणि पहिल्या तुकडीचा अर्धा वेळ त्या सोडवण्यात गेला. डोळे बांधायला रुमाल नेले होते, ते पट्टीऐवजी एकमेकांना मारण्यासाठी वापरले गेले. एक-कपाट-एक-नमुनामध्ये १४ मुलांनी एकच नमुना निवडला, उल्का. कारण तिच्याशेजारी बाक होता. पण प्रश्न ऐका: "ही पडली तेव्हा आवाज कोणी ऐकला?", "पडली नसती तर कुठे असती?", "हिला पृथ्वीचा दगड म्हणायचं का आता?" संशयात्मा, तिसऱ्या प्रश्नावर आमची बसमध्ये मारामारी झाली, वैचारिक.

कार्यशाळेतलं सगळं लिहीत नाही. एकच. शेवटी गारगोटीताईंनी पडदे ओढून खोली काळीकुट्ट केली आणि दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर जोरात घासल्या. आतून पिवळसर उजेड! ठिणगी नव्हे, दगडाच्या पोटातच प्रकाश चमकल्यासारखा. आणि जळकट वास. मग मुलांच्या हातात दिल्या. अंधारात वीस ठिकाणी उजेड आणि कोणी एक अक्षर बोलेना. पाण्याखाली घासल्या तरी उजेड पडतो म्हणे. ५८ पैकी ५८ मुलांनी घरी जाऊन न्हाणीघरातला दिवा बंद केला असणार. पालकांचे फोन येतायत.

लेबलं शिकून आल्यापासून वर्गात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी लागलीय: काय, कुठून, कोणी, कधी. माझ्या डस्टरवर "सापडण्याचं ठिकाण: कपाटामागे". मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या काचेवर एक बारीक ओरखडा आढळला आहे, शेजारी चिठ्ठी: "काच ५.५, दगड जास्त". चौकशी चालू आहे.

बसमध्ये तोच प्रश्न विचारला. उजेडवाली गारगोटी पहिली. सरकता जिना दुसरा.

आडवाटेचा
जिन्याला कमी लेखू नका. खालून वर, जुन्याकडून नव्याकडे. स्मिथला आवडला असता.

संशयात्मा
"हिला पृथ्वीचा दगड म्हणायचं का आता?" हा प्रश्न कोणाचा होता? त्याला किंवा तिला माझ्याकडून एक भिंग द्यायचंय. पत्ता व्यनि करा.

बोटांनी_वाचणारा
त्या गारगोट्यांचा उजेड मला दिसणार नाही, पण तो वास मी घेतलाय. विजेच्या तारेजवळ येतो तसा काहीसा. आणि खोली एकदम गप्प झालेली ऐकलीय.

गारगोटी
खडूफळाताई, मुलं गोड होती, पुन्हा आणा. एक छोटं काम होतं. संच मोजताना आमच्या दोन गारगोट्या कमी भरतायत. ओरडू नका कोणाला, बिनलेबलाच्याच आहेत, फक्त ५८ दप्तरांत एकदा नजर टाकता का?

टवाळखोर
पुढच्या वेळी झडती आणि कार्यशाळा एकत्र ठेवा.

खडूफळा
सापडल्या. माझ्याच पर्समध्ये. शनिवारी आणून देते. आज रात्री एकदा भाच्याला दाखवते फक्त.